एका नावावर सिस्टिम बंद पडली तर काय करायचं

नाव टाकलं आणि प्रोग्राम बंद पडला, तर तो एकदा पुन्हा सुरू करून बघा. सुरू होताहोताच त्याच जागी पडला, तर मात्र तिसऱ्यांदा हात लावू नका. ती नोंद कुठेतरी साठली आहे आणि दर वेळी सुरुवातीलाच वाचली जातेय, असं धरून चाला.

मी पतसंस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. एका पतसंस्थेत पहिल्यांदाच सभासदांची नावं मराठीत घ्यायला सुरुवात झाली, त्या सकाळी मी काउंटरवर होते. विमल, रमेश, सुमन यांच्या पावत्या बिनबोभाट निघाल्या. मग ज्ञानेश्वर नावाचे आजोबा आले आणि पावती छापताना प्रोग्राम बंद. क्लार्कताईंनी तो पुन्हा उघडला, तर त्याने अर्धवट राहिलेली पावती आपणहून छापायला घेतली आणि पुन्हा बंद. मागे रांग वाढत होती आणि आजोबा विचारत होते, "माझ्या नावात काही चूक आहे का बाळ?" त्यांच्या नावात काही चूक नव्हती. तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे चक्र तोडायचं. अडकलेली नोंद ज्या फाइलमध्ये किंवा टेबलमध्ये आहे, तिची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवा आणि मगच मूळ जागेवरून काढा. घाईत नुसती पुसून टाकलीत तर काउंटर सुरू होईल, पण कारण कधीच सापडणार नाही. नाव पुन्हा टाइप करून किंवा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवू नका. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, वापरलेल्या मजकुरात डोळ्यांना न दिसणारी चिन्हंही असतात, आणि नेमकी तीच अशा वेळी गळून जातात.

न दिसणारं चिन्ह काय करू शकतं, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये जगाने पाहिलं. आयओएस ११.२.५ असलेल्या आयफोनवर तेलुगू लिपीतला 'ज्ञा' आला की मेसेजचं अ‍ॅप बंद पडायचं. आपल्या ज्ञानेश्वरातलंच हे अक्षर: ज, हलन्त, ञ, काना. फरक इतकाच, की त्या मजकुरात ञ आणि काना यांच्यामध्ये झेडडब्ल्यूएनजे नावाचं अदृश्य चिन्ह बसलेलं होतं. जोडाक्षर जोडू नका, असं सांगण्यासाठी ते वापरतात. अक्षरं मांडणाऱ्या कोअरटेक्स्ट या भागाला ती रचना पेलली नाही आणि मेमरीत गडबड झाली. हा भाग अनेक अ‍ॅप वापरतात, त्यामुळे एकच अ‍ॅप पडून भागलं नाही. मजकूर नोटिफिकेशनमध्ये आला तर ती दाखवणारी होम स्क्रीनच कोसळायची, पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा तोच मजकूर दाखवायला जायची. १९ फेब्रुवारीला ११.२.६ आवृत्ती आली आणि दुरुस्ती झाली. तोवर लोक मित्राला त्याच संभाषणात दुसरा मेसेज पाठवायला सांगत, म्हणजे यादीत शेवटचा मजकूर बदलायचा, आणि मग ते संभाषण काढून टाकत. पतसंस्थेतही आम्ही तेच केलं: सुरुवातीला वाचलं जाणारं नाव तिथून हलवलं.

आता कारण शोधायचं. कागद घ्या आणि नाव सुटं करा. ज्ञा, ने, श्व, र ही आपल्या दृष्टीने ४ अक्षरं. युनिकोडमध्ये ते १० तुकडे होतात: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा ३ बाइट घेतो, म्हणजे ३० बाइट. पावतीचा रकाना इंग्रजीच्या हिशेबाने २० बाइटचा होता. ६ तुकड्यांचे १८ बाइट झाले, सातव्या 'श'चे दोनच बाइट आत आले आणि तिसरा बाहेर राहिला. असा अर्धा श कुठल्याच लिपीत नसतो, म्हणून वाचणारा कोड तिथेच थांबला. विमल, रमेश, सुमन प्रत्येकी ४ तुकड्यांचे, १२ बाइटचे. ते सुटले. आमच्या चाचणीतली नावंही तेवढीच होती.

तेव्हा नाव बाइटवर कधीही कापू नका. तुकड्यांवर कापलंत तर प्रोग्राम पडणार नाही, पण ज्ञानेश्वरचा 'ज्ञानेश्' होऊ शकतो. माणसाला दिसणाऱ्या अक्षरावर कापा, आणि त्यासाठी वापरत असलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आधी तपासा: २०२३ च्या युनिकोड १५.१ च्या आधीचे नियम पाळणारी लायब्ररी 'ज्ञा'चेसुद्धा दोन भाग करते. माझं मत विचाराल तर नाव कापूच नये. पावतीवर दुसरी ओळ घ्यावी.

इथे एक घातक सल्ला हमखास मिळतो: अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाका. मराठीत हे करू नका. कऱ्हाडकरमधला अर्धा ऱ अनेक जुन्या नोंदींत र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे जोडायला सांगणारं अदृश्य चिन्ह असा साठवलेला असतो. ते चिन्ह काढलंत की कऱ्हाडकरांचे 'कर्हाडकर' होतात, आणि आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांच्या नावावर दिसतात. शोधासाठी झेडडब्ल्यूजे असलेलं आणि थेट ऱ वापरलेलं अशी दोन्ही रूपं एक धरा, पण साठवताना माणसाने दिलं तसंच ठेवा.

चाचणीसाठी नावांची एक फाइल कायमची करून ठेवा. माझ्या फाइलमध्ये ज्ञानेश्वर, ज्योत्स्ना, मृण्मयी, लक्ष्मी आणि दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं कऱ्हाडकर आहे. त्याशिवाय नुसता काना, एकावर एक दोन मात्रा, फक्त स्पेस, ३०० अक्षरांचं नाव आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेलं इमोजीसकटचं नाव. बहुतेक इमोजी किमान ४ बाइटचे असतात, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या यूटीएफ८ प्रकारात एका चिन्हासाठी ३ बाइटच्या वर जागा नसते. प्रत्येक नाव फॉर्ममध्ये टाकून थांबू नका. यादीत, शोधात, एसएमएसमध्ये आणि छापील पावतीवर ते बघा. आमचा फॉर्म शेवटपर्यंत ठीक होता, पडली ती पावती.

शेवटची चाचणी बहुतेक जण करत नाहीत. पावती छापत असतानाच प्रोग्राम मुद्दाम बंद पाडा आणि पुन्हा उघडा. अर्धवट नोंद हातात घेण्याआधी प्रोग्रामने तिच्यावर खूण करायला हवी, आणि उघडताना ती खूण तशीच दिसली तर नोंद बाजूला ठेवून, क्लार्कला तसं मराठीत सांगून, पुढच्या सभासदासाठी काउंटर मोकळा करायला हवा.