गे कथांचा ऑनलाइन ग्रुप चालवायचाय? मग आधी टोपणनावांचं बघा

सगळ्यात आधी टोपणनावं. बरेच जण घरी काहीच न सांगता लिहीत असतात, त्यामुळे खरं नाव, फोटो, नोकरी कुणी कुणाला विचारायची नाही, आणि कुणी स्क्रीनशॉट बाहेर पाठवला तर तो थेट ग्रुपबाहेर, इथे दयामाया नको. अजून एक, वर्डची फाइल पाठवली की तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून खरं नाव राहू शकतं, म्हणून नव्या लेखकाला सांगायचं की मजकूर कॉपी करून टाक, फाइल नको.

कथेच्या वर लेबल हवंच. दोन पुरुष पात्रांच्या नावांमध्ये तिरकी रेघ मारायची पद्धत 1970च्या दशकात स्टार ट्रेक या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी रुळवली, अशा कथांना 'स्लॅश' (म्हणजे तिरकी रेघ) हे नाव त्यातूनच आलं. तशी जोडी लिहा, शिवाय हिंसा, आत्महत्या, शेवटी मरण असं काही असेल तर तेही. लैंगिक प्रसंग असतील तर पात्रं आणि वाचक दोन्ही 18 च्या वर, यात तडजोड नाही.

प्रतिक्रिया मात्र नीट द्यायला शिकवावं लागतं हो. "मस्त" पुरत नाही, "तो दार उघडायच्या आधी थांबला तिथे माझा श्वास अडकला" असं एक वाक्य लेखकाला पुढचा भाग लिहायला लावतं. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची कथा दोन दिवस तशीच पडून राहिली तर मॉडरेटरनेच वाचून लिहावं, नाहीतर तो परत येत नाही.