बुधवारची फुली: नणंद-भावजयीनं पाठीवर सॅक घेऊन केलेलं स्पेन

सारियाला जाणारी बस आमच्या टॅक्सीला ओलांडून पुढे गेली तेव्हा वन्सं काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त खिडकीची काच वर केली.

झालं होतं असं. स्पेनच्या वायव्येकडच्या लुगो शहराच्या बसस्टँडवर वेळापत्रक लावलेलं होतं. वर अक्षरं होती, एल, एम, एक्स, जे, व्ही. मी हिशेब लिहिणारी बाई, कागद वाचण्यात चुकणार नाही असा माझा समज. एक्स म्हणजे फुली, फुली म्हणजे बुधवारी गाडी नाही, आणि आज बुधवार. टॅक्सीचे चाळीस युरो मोजले. मग गाडीतच टॅक्सीवाल्यानं हसत समजावलं की मंगळवार मार्तेस आणि बुधवार मिएर्कोलेस, दोघांचंही पहिलं अक्षर एमच. घोळ नको म्हणून बुधवारला एक्स लिहितात. तेव्हा स्पेनमध्ये बसच्या पाटीसमोर उभं राहाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: सोमवार एल, मंगळवार एम, बुधवार एक्स, गुरुवार जे, शुक्रवार व्ही, शनिवार एस, रविवार डी. 'लाबोराब्लेस' म्हणजे कामाचे दिवस, 'फेस्तिवोस' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. वेळा चोवीस तासांच्या असतात, पण त्या एसटीनं आपल्याला आधीच शिकवल्यात.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. वय 58, साताऱ्यात शाळेत पीटी शिकवून निवृत्त. मी 44, मिरजेची. आम्ही 2025 च्या जूनमध्ये पंधरा दिवस फिरलो. माद्रिद, कोर्दोबा, ग्रानादा, आणि मग वायव्येला गालिसियात सारियापासून सांतियागोपर्यंत पायी, जुन्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेनं. टूर कंपनी नाही, ढकलत न्यायची बॅग नाही. आमच्या चुका वाचून तुमचे चाळीस युरो वाचले तर बघा.

निघण्याआधी

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी 90 युरो, आणि प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो. यात गंमत काहीच नाही. फाइल नीट लावा आणि अपॉइंटमेंट लवकर घ्या, उन्हाळ्यात तीच मिळत नाही.

सॅकचं मात्र सविस्तर सांगते. चालायचं असेल तर पाठीवरचं ओझं अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावं. वन्सं 60 किलोच्या, म्हणजे सॅक सहा किलोची. आमच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर ती ठेवली तर साडेअकरा. आत काय? दोन नायलॉनच्या साड्या, स्टीलचे तीन डबे, अर्धा किलो चिवडा, एक किलो थालीपिठाची भाजणी आणि कंदी पेढे. पेढे मी तिथेच काढले. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढ्यांवर वाद झाला नाही, ते आम्ही तिथल्या तिथे संपवले. भाजणीवर झाला. "पीठ आहे ते, दूध नव्हे," वन्सं म्हणाल्या, आणि भाजणी आली.

कपडे तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. अंगावर घ्यायचा पातळ पंचा, कानात घालायचे बोळे आणि सॅकसकट अंग झाकेल असा रेनकोट हवाच. चार्जर दोन बारीक गोल पिनांचा असेल तर तिथल्या सॉकेटमध्ये थेट बसतो. आपला तीन पिनांचा बसत नाही.

घड्याळ सोडून द्या

माद्रिदच्या पहिल्या संध्याकाळी साडेसहाला आम्ही जेवण शोधत होतो. बार उघडे, माणसं बसलेली, पण स्वयंपाकघर बंद. ऑलिव्ह मिळाले, बटाट्याचे वेफर्स मिळाले. वन्संनी आयुष्यभर साडेसातला ताट घेतलेलं. त्या रात्री आम्ही हॉस्टेलच्या पलंगावर बसून चिवडा खाल्ला आणि दहा वाजता खाली सहकुटुंब जेवणाऱ्या लोकांची खिदळणी ऐकत झोपलो. लहान पोरंसुद्धा जागी!

तिथे दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. दोन ते पाच लहान गावांत दुकानंही बंद असतात. याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. आम्ही तिसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण मुख्य केलं. 'मेनू देल दिया' विचारा: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, वर गोड किंवा कॉफी, सगळं मिळून बारा ते पंधरा युरोंत. हे बहुतेक सोमवार ते शुक्रवार दुपारीच असतं. रात्रीसाठी सुपरमार्केटमधून फळं, दही, पाव आणून ठेवायचा, आणि रविवारचं शनिवारीच आणायचं. ग्रानादात आम्ही रविवारी सुपरमार्केटच्या बंद दारापुढे उभ्या राहिलो होतो, तेही ऊन चाळिशीकडे सरकत असताना. (उन्हाचंच बोलायचं तर आंदालुसियाला, म्हणजे कोर्दोबा-ग्रानादाच्या दक्षिण भागात, मे किंवा ऑक्टोबरात जा. जूनमध्ये दुपारी दोनला कोर्दोबाच्या गल्ल्यांत फक्त आम्ही आणि मांजरं.)

हे घड्याळ असं का, तर स्पेन नकाशावर ब्रिटनच्या रेषेत असूनही 1940 पासून जर्मनीच्या वेळेवर चालतं. गालिसिया तर पार पश्चिमेला. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री सव्वादहाला मावळतो. घरी फोन करताना हे विसरू नका. "बघा किती छान ऊन आहे," असं मी ह्यांना व्हिडिओवर दाखवलं तेव्हा मिरजेत रात्रीचा दीड वाजला होता.

पाव मागू नका

भाषेची मला फार खात्री होती. आपल्या मराठीत पोर्तुगीज शब्द किती, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. मेजाला तिथे मेसा, बटाट्याला पताता, चावीला यावे. पैसे देणे म्हणजे 'पगार', त्यामुळे काउंटरवर वन्सं ऐटीत "पगार!" म्हणून पाकीट उघडायच्या आणि समोरच्याला कळायचंही. याच जोरावर मी कोर्दोबात पाव मागितला. शेवटी ओ लावला की स्पॅनिश होतं हा माझा सिद्धांत. "पावो," मी म्हटलं. बाईनं मान डोलावली आणि फिकट गुलाबी मांसाच्या चकत्या आणून ठेवल्या. पावो म्हणजे टर्की. पावाला 'पान' म्हणतात. विड्याचं नव्हे.

आम्ही दोघी अंडं खातो, मांस-मासे नाही. तुमचंही तसंच असेल तर 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही. हामोन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, तिथे बऱ्याच जणांच्या हिशेबी मांसात धरतच नाहीत, आपल्याकडे कोथिंबीर भाजीत धरत नाहीत तसं. कोर्दोबाचं साल्मोरेखो हे टोमॅटोचं घट्ट थंड सूप फार सुंदर, पण वर उकडलेलं अंडं आणि हामोनचे तुकडे भुरभुरवलेले. गालिसियातल्या काल्दो गायेगो या पालेभाजी-बटाट्याच्या रश्शात डुकराची चरबी. 'एन्सालादा मिक्स्ता' सॅलडमध्ये टूना मासा, ज्याला स्पॅनिशमध्ये आतून म्हणतात. आणि तो खरंच आतून निघतो. तेव्हा यादीच म्हणायची: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो (मासे), सिन आतून. ऑर्डर द्यायच्या आधी म्हणा, नंतर नाही. ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे तोंडी लावायचा छोटा पदार्थ, फुकट येतो, निवड त्यांची. आम्ही द्राक्षाचा रस घेतला आणि हामोनची क्रोकेट आली. ती शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खाल्ली.

निर्धास्त खाण्यासारखंही खूप आहे. तोर्तिया दे पातातास हे बटाट्याचं जाड ऑम्लेट, टोमॅटो चोळलेला पाव, पालक-चणे, मधातली तळलेली वांगी. तोर्तियानं आम्हाला पंधरा दिवस जगवलं.

पासपोर्ट खाली, आम्ही वर

आल्हांब्राचं, म्हणजे ग्रानादातल्या जुन्या सुलतानांच्या किल्ल्याचं, तिकीट नावावर असतं आणि नासरी राजवाड्यांत शिरायची वेळ त्यावर छापलेली असते. ती चुकली की चुकली. तिकिटं काही आठवडे आधी संपतात, म्हणून विमानानंतर लगेच तेच काढा. आम्ही काढलेलं. पण चोरांच्या भीतीनं पासपोर्ट हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवून आलो, आणि दारात मूळ ओळखपत्र मागितलं. आल्हांब्रा टेकडीवर, हॉस्टेल खाली. मी उतरणीवरून धावत गेले आणि छोट्या लाल बसनं परत आले. वन्सं रांगेबाहेर एका भिंतीच्या सावलीत पाय पसरून, डोक्यावर ओला पंचा घेऊन शांत बसलेल्या. "धावताना हात फार हलतात तुझे," एवढंच म्हणाल्या. पीटीच्या बाई. राजवाड्यात आम्ही वेळेच्या चार मिनिटं आधी पोचलो.

ग्रानादाची तारीख ठरवतानाही चूक झाली होती. कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या आठवड्यात तिथे मोठी जत्रा भरते. हॉस्टेलचा दर आम्हाला जवळपास दुप्पट पडला आणि खोली मिळाली ती रस्त्यावरची. शहर निवडलं की आधी तिथला सण बघा, मग तिकीट.

पैशांचं थोडक्यात: कोर्दोबाची मेस्कीता, खांबांचं जंगल असलेली मशीद-कॅथेड्रल, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट बघता येते, आणि ती वेळच उत्तम. माद्रिदचं प्रादो हे चित्रांचं संग्रहालय शेवटचे दोन तास फुकट असतं. न्हाणीत मात्र 'सी' लिहिलेला नळ गार समजून उघडू नका. सी म्हणजे कालिएन्ते, गरम. एफ म्हणजे फ्रिआ. माझा खांदा दोन दिवस लाल होता.

सारिया ते सांतियागो

शंभराहून थोडे जास्त किलोमीटर, पाच दिवस. पोर्तोमारीन, पालास दे रेई, आर्सूआ, ओ पेद्रोउसो, सांतियागो. सगळ्यांत लांब टप्पा पालास ते आर्सूआ, सुमारे 29 किलोमीटर. वाट चुकायची सोय नाही. पिवळे बाण आणि शिंपल्याचं चिन्ह असलेले दगड, त्यांवर उरलेलं अंतर मीटरपर्यंत कोरलेलं. सुरुवातीला क्रेदेन्सियाल नावाचं यात्रेकरूचं पुस्तक घ्यायचं आणि रोज किमान दोन शिक्के मारून घ्यायचे. चर्च, बार, मुक्कामाचं ठिकाण, कुठेही मिळतात. शेवटी सांतियागोत ते दाखवलं की प्रमाणपत्र.

मुक्काम आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. गालिसिया सरकारच्या आल्बेर्गेत आधी नोंदणी नसते, जो पहिला येईल त्याला खाट. म्हणून सकाळी सहाला निघा आणि दोनच्या आत पोचा. रात्री दहाला दिवे बंद, बाहेर अजून सूर्य. डोळ्यांवर बांधायला ओढणी ठेवा. खाटेवर सॅक टाकण्याआधी गादीची शिवण बघा, ढेकूण असतात.

पोर्तोमारीनला वन्संच्या भाजणीचा दिवस उगवला. आल्बेर्गेत स्वयंपाकघर होतं, शेगडी चकाचक. कपाटं उघडली. एकही भांडं नाही. तवा नाही, पातेलं नाही, चमचासुद्धा नाही. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेंत हे असंच असतं, हे मला नंतर कळलं. वन्सं पाच मिनिटं शेगडीकडे बघत राहिल्या. मग मुक्कामाला असलेल्या एका कोरियन जोडप्याकडे कॉफी करायचं इवलंसं भांडं होतं, ते त्यांनी खुणांनी मागून घेतलं, त्यात पाणी उकळलं आणि भाजणीची उकड केली. तेल-मोहरी काही नाही, वर नुसतं तिखट-मीठ. कोरियन बाईंनी दोनदा घेतली.

पायांचं वन्संकडून शिका. त्यांनी दोनदा आळंदी ते पंढरपूर केलंय. निघण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन, पातळ मोज्यावर जाड मोजा, आणि टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी. पुढच्या गावात लावू म्हटलं की फोड आलाच. मी म्हटलं, आणि आला. तिसऱ्या दिवशी माझी सॅक पुढच्या गावी पाठवली. पाचेक युरोंत पोचवतात, यात लाजण्यासारखं काही नाही. वन्संनी स्वतःची पाठवली नाही. मात्र त्यांची एक तक्रार होती: "वारीत कुणीतरी हाक मारून चहा देतं गं. इथे प्रत्येक चहाला पगार." चहा म्हणजे कपभर गरम पाणी आणि पिशवी, त्यामुळे तक्रारीचा निम्मा भाग चहाचाच असावा.

सांतियागोला पोचलो तो दिवस 23 जून. सान हुआनची रात्र. गालिसियात त्या रात्री ठिकठिकाणी होळ्या पेटतात, लोक त्यांवरून उड्या मारतात आणि सार्डिन भाजतात. मासे नकोत म्हटल्यावर एका आजींनी मक्याचा जाड पाव आणि पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्यांची बशी दिली. या मिरच्यांबद्दल तिकडे म्हण आहे, काही झोंबतात, काही नाही. वन्सं झोंबणारी शोधत बशी संपवत आल्या. शेवटची मी उचलली. डोळ्यांतून पाणी आलं. "बघू," म्हणत त्यांनी माझ्या हातातली उरलेली अर्धी घेतली, चावली, आणि दुसऱ्या बशीसाठी पाकीट उघडलं.