सुट्टीतल्या फोटोंसाठी स्वस्तातला छोटा डिजिटल कॅमेरा घेताना काय बघायचं

मेगापिक्सेल आधी डोक्यातून काढून टाका. दुकानात गेलं की पहिलं तेच सांगतात, अमक्यात २० आहेत, तमक्यात ४८ आहेत, आणि आपणही तेच विचारतो. पण अल्बममध्ये लावतो तो ४ बाय ६ इंचाचा फोटो चांगला यायला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे २ मेगापिक्सेलपेक्षा थोडंसंच जास्त. ए-४ एवढा मोठा करून भिंतीवर लावायचा म्हटलं तरी ९ च्या आत काम होतं. आणि व्हॉट्सॲपवर टाकला की तसाही तो दाबून लहान होतोच. त्यामुळे १६ असो की २०, काही फरक पडत नाही, आकडा बघून जास्तीचे पैसे देऊ नका.

दुसरं म्हणजे फोन चांगला असताना वेगळा कॅमेरा कशाला असं बरेच जण विचारालेत, तर बरोबर आहे त्यांचं. दिवसाउजेडी घरच्यांचे साधे फोटो काढायचे असतील तर आजचा बरा फोन स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा चांगला फोटो देतो, हे मान्यच करायला पाहिजे. कॅमेरा कधी घ्यायचा, तर खरा झूम पाहिजे असेल, अंधारात खरा फ्लॅश पाहिजे असेल, किंवा पोरांच्या नाहीतर आजी-आजोबांच्या हातात बिनधास्त द्यायला काहीतरी पाहिजे असेल आणि प्रवासात फोनची बॅटरी वाचवायची असेल. यातलं एकही कारण तुमचं नसेल तर पैसे ठेवा, ट्रिपला वापरा.

आता समजा दहा-पंधरा हजारांच्या आसपास बजेट आहे. या किमतीतल्या जवळजवळ सगळ्या छोट्या कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागचा उजेड टिपणारा चिप, एकाच मापाचा असतो, त्याला १/२.३ इंच म्हणतात, प्रत्यक्षात तो साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सोनी आरएक्स १०० सारख्या कॅमेऱ्यात १ इंची म्हणतात तो सेन्सर असतो, १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात चौपट. संध्याकाळच्या फोटोंत हा फरक सरळ डोळ्याला दिसतो. नवीन घ्यायला तो परवडत नाही, पण पहिला आरएक्स १०० २०१२ चा आहे आणि जुना मिळाला तर बघा की, एफ १.८ ची लेन्स आहे त्याला, एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो. झूम मात्र त्यात कमीच, २८ ते १०० मिमी, या आकड्यांचा अर्थ पुढं सांगतो.

बजेटमध्ये खरी निवड असते ती लेन्सची, आणि इथं घाई करू नका. स्पेसिफिकेशनमध्ये ३५ मिमीच्या हिशोबाने दोन आकडे दिलेले असतात, पहिला जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य फोटोत मावतं, दुसरा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. सोनी डब्ल्यू ८३० चं २५ ते २०० आहे, कॅनन इक्सस १८५ चं २८ ते २२४, कोडॅक पिक्सप्रो एफझेड ५५ चं २८ ते १४०. लेन्सच्या नळीवर ५.० ते ४०.० मिमी असलं काहीतरी छापलेलं असतं ते वेगळं, त्यावरून घाबरू नका. २५ आणि २८ मध्ये काय एवढं, असं वाटतं, पण आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिरात चारी बाजूंनी तलाव, मागं सरकायला जागा नाही, समोर घरची दहा माणसं उभी आणि मागं मंदिर पण यायला पाहिजे, तिथं हे तीन मिमी लय कामाला येतात. रेल्वेच्या डब्यात, हॉटेलच्या रूममध्ये पण तेच. सुट्टीच्या फोटोंत लांबच्या झूमपेक्षा रुंद लेन्स जास्त वेळा लागते असं माझं ठाम मत आहे.

झूम बघताना फक्त ऑप्टिकल झूमचा, म्हणजे लेन्स हलवून होणाऱ्या खऱ्या झूमचा आकडा बघा. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं, ते घरी मोबाईलवर पण करता येतं. ऑनलाइन चार-पाच हजारांत '४८ मेगापिक्सेल १६ एक्स झूम' असे बिननावाचे कॅमेरे दिसतात ना, त्यात बहुतेक वेळा तो १६ एक्स डिजिटलच असतो आणि लेन्स पुढे-मागे हलतच नाही. मुलांच्या वाढदिवसाला खेळणं म्हणून ठीक, ट्रिपसाठी अजिबात घेऊ नका. ओळखायचं सोपं आहे, झूम करताना लेन्स आतून बाहेर येते का ते व्हिडिओत बघायचं.

आणि झूम लांब गेला की उजेड कमी होतो हे दुकानदार सांगत नाही. इक्सस १८५ ला रुंद बाजूला एफ ३.२ आणि पूर्ण झूमला एफ ६.९, म्हणजे तिथं सेन्सरपर्यंत साडेचार पट कमी उजेड पोचतो. मग शटर हळू होतं, हात हलतो, फोटो हलतो. म्हणून झूम वापरणार असाल तर ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळून घेणारी सोय, आहे का ते विचाराच. दिसायला सारखेच असले तरी इक्सस १८५ मध्ये ते नाही, इक्सस १९० मध्ये आहे आणि सोनी डब्ल्यू ८३० मध्ये पण आहे. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला जाणार असाल तर यांच्या ८ एक्स म्हणजे आठपट झूमने पक्षी ठिपक्याएवढाच येणार, त्याला कॅनन एसएक्स ७४० सारखा ४० एक्सवाला लागतो आणि तो या बजेटच्या वरचा आहे.

एक गोष्ट मात्र सोलापूरच्या माणसाने मुद्दाम बघावी, एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी-जास्त करायचं बटण पटकन सापडतं का. सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा सगळे पांढऱ्या बाराबंदीच्या पोशाखात, अक्षता सोहळ्याला पण पांढरंच पांढरं, आणि कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो फोटो मुद्दाम काळपट करतो. तिथं एक्सपोजर प्लसमध्ये अर्धा-पाऊण ढकललं की पांढरं पांढरं येतं. गोव्याच्या वाळूवर पण हीच अडचण येते. हे सेटिंग पाच मेनूच्या आत दडवलेलं असेल तर ट्रिपमध्ये कोणी करत नाही. फ्लॅशचं सांगायचं तर छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपर्यंतच पोचतो, गोलघुमटाच्या आत घुमट उजळायचा त्याने प्रयत्न करून उपयोग नाही, तिथं फ्लॅश बंद करून कॅमेरा कठड्यावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

बॅटरी कुठली आहे ते घ्यायच्या आधी लिहून घ्या. इक्सस १८५ ला एनबी-११ एल, डब्ल्यू ८३० ला एनपी-बीएन १ लागते, एक जास्तीची बॅटरी मिळते का ते आधी बघा मगच कॅमेरा घ्या. कोडॅक एफझेड ४५ दोन पेन्सिल सेलवर चालतो, रिचार्जेबल सेल घेतले तर बरं पडतं, आणि कुठल्या तरी गावात ते संपलेच तर टपरीवर सेल मिळतात हा मोठा फायदा आहे. कार्ड ३२ जीबीचं पुरे. लय जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड चालत नाही, त्याच्याही आधीच्यांना २ जीबीच्या वरचं वाचता येत नाही, आणि जुन्या सोनीत मेमरी स्टिक, जुन्या ऑलिंपसमध्ये एक्सडी कार्ड असतं, ते शोधत बसावं लागतं.

जुना घ्यायचा असेल तर सोलापुरात नवी पेठेत आणि ओळखीच्या फोटो स्टुडिओत आधी विचारा, स्टुडिओवाल्यांना कुणाचा कॅमेरा घरात पडून आहे ते माहीत असतं. मुंबईला काम असेल तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने बसायचं, सकाळी सीएसएमटी, तिथून कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या बोरा बाजारात चालत जाता येतं. पण मुंबई-कोकणच्या दमट हवेतला कॅमेरा घेताना मोबाईलची टॉर्च तिरकी धरून लेन्समध्ये बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सोडून द्या. आपल्याकडच्या कोरड्या हवेत बुरशीपेक्षा धुळीचा त्रास जास्त, म्हणून पांढऱ्या भिंतीचा किंवा निळ्या आभाळाचा फोटो पूर्ण झूम करून काढा, एकाच जागी करडे ठिपके आले तर धूळ आत गेलेली आहे. लेन्स बाहेर येताना करकर आवाज येतो का, फ्लॅश उडतो का, बॅटरी फुगलेली आहे का, चार्जर मिळतोय का, हे सगळं तिथंच उभं राहून बघायचं, आपलं कार्ड सोबत न्यायचं, पाच-दहा फोटो काढायचे आणि स्क्रीनवर मोठे करून कोपरे बघायचे, एक कोपरा कायम धूसर येत असेल तर कॅमेरा पडलेला असू शकतो. इम्पोर्टेड माल म्हणून स्वस्त देत असतील तर वॉरंटी कंपनीची की दुकानाची ते बिलावर लिहून घ्या.

ऊन सांभाळा. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापरायचं तापमान ० ते ४० अंश असं दिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२-४३ होतं, बंद गाडीत तर विचारूच नका. डॅशबोर्डवर ठेवू नका, सुती रुमालात गुंडाळून पिशवीत मधोमध ठेवा. नळदुर्गला पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला गेलात तर झिप असलेली प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवा, तुषार लेन्सवर बसतात.

घेतल्यावर पहिल्या दोन दिवसांतच एक संध्याकाळ होम मैदानावर नाहीतर तलावाच्या काठी जा, दिवस मावळता मावळता घरच्यांचे फोटो काढा, पळणाऱ्या पोरांचे काढा, व्हिडिओ काढून आवाज ऐका आणि तारीख-वेळ नीट लावून घ्या. आवडलं नाही तर वापसीची मुदत संपायच्या आत परत करा.