बेळगाव पट्ट्यात रेड टीम कशी उभी करावी आणि कशी चालवावी

रेड टीम, म्हणजे ऑनलाइन खेळात बलाढ्य शत्रूला (बॉसला) मिळून मारणारा गट, गिअर (हत्यारं-चिलखत) कमी पडल्यामुळे क्वचितच मोडते. ती मोडते ती वेळ जमत नाही म्हणून, आणि त्याच बॉससमोर चारदा मेल्यावरही नेमकं काय चुकलं ते कुणी सांगत नाही म्हणून. इथली उदाहरणं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची आहेत. सहा जणांची ‘डेस्टिनी २’ची किंवा आठ जणांची ‘फायनल फँटसी १४’ची टीम असली तरी कामाची पद्धत हीच.

आधी वेळ ठरवा, माणसं नंतर. आपल्याकडे कुणी उद्यमबागेत शिफ्टला, कुणाचं दुकान साडेनऊला बंद होणार, कुणी कॉलेजात. रात्री १० ते १२.३० ही वेळ बहुतेकांना जमते. आठवड्यातून दोनच रात्री धरा. शुक्रवार आणि शनिवार उत्तम. रविवार टाळाच, कारण पुण्या-बेंगळुरूला नोकरीला असलेले त्या रात्री बसमध्ये असतात. युरोपच्या सर्व्हरवर असाल तर तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असतं. टीममध्ये तिकडचे खेळाडू घेतलेत तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळ तासाने सरकते, हे आठवडाभर आधी सांगून ठेवा. गणपती, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्र, गावची लक्ष्मीयात्रा, खानापूरकडची सुगी या तारखा सुरुवातीलाच सुट्टी म्हणून मांडून टाका. त्या दिवशी रेड लावून ‘कोण येतंय बघू’ म्हणालात की पुढच्या आठवड्यालाही लोक येणं ऐच्छिक समजतात.

नॉर्मल आणि त्याहून कठीण हिरोइक पातळीची रेड १० ते ३० जणांत होते आणि माणसांप्रमाणे बॉसची ताकद कमी-जास्त होते. सगळ्यांत कठीण मिथिकला मात्र बरोबर २० लागतात. पहिल्या वर्षी तिकडे बघूही नका. दहा जणांनी सुरू करायचं असेल तर यादीत १३ नावं हवीत. दहांत दोन टँक (बॉसचा मार अंगावर घेणारे), दोन हीलर (जखमा भरणारे), सहा डॅमेजवाले (बॉसला मारणारे). साधारण दर पाच माणसांमागे एक हीलर वाढवा. टँक मात्र तिसरा घेऊ नका. त्याऐवजी डॅमेजवाल्यांपैकी एकाला टँकिंग शिकवून ठेवा, कारण टँक आला नाही की ती रात्र गेलीच. हीरोइझम किंवा ब्लडलस्ट, म्हणजे सगळ्यांचा वेग वाढवणारा मंत्र, देणारा एक शामन, मेज, हंटर किंवा इव्होकर क्लासचा (पात्राच्या प्रकाराचा) खेळाडू हवाच. लढाईत मेलेल्याला उठवणारे ड्रूइड, डेथ नाइट, वॉरलॉक किंवा पॅलाडिन यांतले दोघे असू द्या. मेज, प्रीस्ट, वॉरियर आणि ड्रूइड असले की मोठे बफही (सगळ्या टीमची ताकद वाढवणारे मंत्र) आपोआप येतात. पण चांगला, वेळेवर येणारा माणूस केवळ क्लास जुळत नाही म्हणून नाकारू नका. वेळेवर येणारा साधा हंटर हा कधीतरी उगवणाऱ्या भारी मेजपेक्षा टीमला जास्त उपयोगी पडतो.

आता वीज आणि नेट. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, दिवे जाणार हे धरूनच चाला. राउटर आणि फायबरचा डबा या दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावा. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, राउटर बहुधा १२ व्होल्टचे असतात. कॉम्प्युटर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर वीज बदलताना जो क्षण जातो, त्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. लीडरने डिस्कॉर्ड (बोलण्याचं अॅप) मोबाइलवर, मोबाइल डेटावर चालू ठेवावं, म्हणजे घरचं नेट गेलं तरी आवाज जात नाही. आणि दोघांना रेड असिस्टंट करून ठेवा. खुणा लावणं, रेडी चेक (सगळे तयार आहेत का ते विचारणं) घेणं, माणूस आत घेणं ही कामं तेही करू शकतात.

इथून युरोपपर्यंत पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो. खेळता येतं, पण शेवटच्या क्षणी सरकायची सवय मोडावी लागते. बॉसचा मंत्र तोडायचा असेल तर बार संपत आल्यावर बटण दाबून उपयोग नाही, निम्म्यावर दाबा. तोडणाऱ्यांचा क्रम आधी ठरवा. तिघं असतील तर एक, दोन, तीन, आणि पहिला मेला तर त्याचा नंबर कोण घेणार तेही. क्रम नसला की पहिल्या मंत्रावर तिघंही दाबतात, आणि दुसऱ्यावर तिघांचीही बटणं बंद.

रेडच्या रात्री ९.५० ला आमंत्रणं, १० ला रेडी चेक, १०.०५ ला पहिली झुंज. उशीर झालेल्यासाठी दहा मिनिटांहून जास्त थांबू नका. तेरा नावं त्यासाठीच आहेत. बॉस समजावताना दोन मिनिटांत संपवा. सगळी लढाई वाचून दाखवली तर कुणाच्याच डोक्यात राहत नाही. पहिल्यांदा तीनच गोष्टी सांगा: कुठे उभं राहायचं, कशाने लगेच मरतो, आणि टँक कधी बदलायचा. टँकवरचा डिबफ (माराने साचत जाणारा वाईट परिणाम, त्याचा एकेक थर म्हणजे स्टॅक) दोनवर गेला की बदल की तीनवर, हा आकडा दोघा टँकांनी मोठ्याने म्हणून पक्का करावा.

लढाई चालू असताना बोलणारा एकच. आपल्या टीममध्ये मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी सगळं चालतं आणि घाईत प्रत्येकाच्या तोंडून आपापली भाषा येते. शिवाय डावं-उजवं हे कोण कुठे तोंड करून उभा आहे त्यावर असतं. म्हणून जमिनीवर खुणा टाका आणि त्यांचीच नावं घ्या: ‘सगळे चौकोनावर’, ‘दोन नंबर गट, त्रिकोण’. सूचना घटनेच्या तीन-चार सेकंद आधी द्या. घडल्यावर ओरडलात तर ती फक्त बातमी असते.

ब्लडलस्टचा वेग ४० सेकंद टिकतो आणि १० मिनिटं पुन्हा मिळत नाही. नवीन बॉसला तो सुरुवातीलाच वापरा, कारण तेव्हा सगळे जिवंत असतात. मेलेल्याला उठवण्याची संधी सुरुवातीला एकच असते. पुढची दहा जणांत ९ मिनिटांनी आणि वीस जणांत साडेचार मिनिटांनी येते. तेव्हा दहा जणांत ती टँक किंवा हीलरसाठी राखा. पहिल्या अर्ध्या मिनिटातच दोघे मेले तर ओढत बसू नका, ‘सोडा’ म्हणा आणि पुन्हा सुरू करा. नव्या झुंजीला संधी परत मिळते.

लीडरचं खरं काम टीम मेल्यावर सुरू होतं. सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग चालू करा, चॅटमध्ये स्लॅश कॉम्बॅटलॉग टाका आणि लढाईची नोंद वॉरक्राफ्ट लॉग्ज या वेबसाइटवर चढवत राहा. तिथे डॅमेजचा तक्ता आधी उघडू नका, मृत्यूंची यादी उघडा. पहिला कोण मेला आणि कशाने, एवढंच बघा. बॉस तीन टक्क्यांवर असताना वेळ संपून सगळे मेले तर डॅमेज कमी पडलं असं वाटतं, पण यादीत बहुधा दिसतं की दोन डॅमेजवाले दुसऱ्याच मिनिटाला गेले होते. हीलरचा माना (मंत्रांना लागणारी शक्ती) निम्म्या लढाईत संपतोय तर हीलर बदलण्याआधी टाळता येण्यासारखा मार कोण खातंय ते शोधा. शोधलेलं पुढच्या झुंजीआधी एकच वाक्य करून सांगा. चार चुका एकदम सांगितल्या तर चारही राहतात.

सांगण्याची रीत महत्त्वाची आहे. वय, ओळख बघून बोला. बरोबरीच्याला ‘मर्दा, आगीतून आधी नीघ की’ चालतं. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर नाव घेऊन टोकू नका. खाजगी मेसेजमध्ये ‘अण्णा, तिसऱ्या स्टॅकच्या आधी ढाल टाका, त्याच माराला दोनदा गेलाय’ असं लिहा. क्षण, चूक, उपाय तिन्ही त्यात आहेत आणि मान राखलेला आहे.

लूटचा (बॉस मेल्यावर मिळणाऱ्या वस्तूंच्या वाटपाचा) नियम पहिल्या रात्रीआधी लिहून चॅनेलवर पिन करा. मुख्य स्पेकला (आपण खेळतो त्या भूमिकेला) खरोखर सुधारणा होत असेल तरच नीड (गरज) दाबा, बाकी सगळं ग्रीड (मिळालं तर बरं). सुरुवातीला एवढा नियम पुरतो. त्या आठवड्यात तोच बॉस त्याच पातळीवर दुसरीकडे मारून आलेल्याला लूट मिळत नाही, हेही लिहा. जे तीन जण बाहेर बसले, त्यांना पुढच्या रात्री पहिलं स्थान द्या आणि कोण कधी बसला याची वही ठेवा. सलग दोनदा बाहेर बसवलेला माणूस काही न बोलता दुसऱ्या टीममध्ये जातो, आणि मग टँक आजारी पडला त्या रात्री तुमच्याकडे नऊच उरतात.