दिवाळीच्या टेबलासाठी जुन्या बाटल्या: आधी काय काय करून ठेवायचं

भाऊबीजेला आमच्याकडे चौदा-पंधरा माणसं जेवायला असतात आणि टेबलावर सजावट म्हणून जुन्या काचेच्या बाटल्याच असतात, दरवर्षी कोणीतरी विचारतं कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पहिलीच गोष्ट, यात कलाकुसर पाव आणि धुणं-वाळवणं पाऊण, त्यामुळे वसुबारसेला जागं होऊन उपयोग नाही, दसऱ्याच्या आधी साफसफाई निघते तेव्हाच बाटल्या बाजूला काढायच्या. आई "असू दे गं, लागेल कधीतरी" म्हणत माळ्यावर ठेवते ना, ते कधीतरी म्हणजे हेच.

सात-आठ पुरतात. सरबताच्या, मधाच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या बरण्या घरात निघतातच, आणि ६५० मिलीची तपकिरी बिअरची बाटली हवी असेल तर भंगारवाल्याकडे मिळते, घरात कोणी पीत नाही म्हणून लाजायचं कारण नाही. फक्त उंचीकडे बघा. बिअरची बाटली जवळजवळ फूटभर असते, ती मधोमध ठेवली की समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून उंच बाटल्या टेबलाच्या टोकांना आणि मध्ये बुटक्या बरण्या. तोंडाला टवका उडालेली असेल तर सरळ परत भंगारात.

आता लेबल. कागदाचं असेल तर बादलीत कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड आणि मूठभर खायचा सोडा टाकून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी आपोआप सुटतं. प्लॅस्टिकचं लेबल असं ऐकत नाही, त्याला हेअर ड्रायरची गरम हवा देऊन कोपऱ्यातून हळू ओढायचं. मागे जो चिकट डिंक राहतो त्यावर खोबरेल तेल आणि सोडा कालवून लावा, अर्ध्या तासाने घासणीने घासा. उकळतं पाणी मात्र नको, मी घाईत थंड बाटलीत ओतलं होतं आणि बूड तडकून सिंकमध्ये काचाच काचा. मग बाटल्या उलट्या करून दोन-तीन दिवस वाळू द्या, आतून पूर्ण कोरड्या, याचं कारण पुढे येतंय.

सामानात सुतळी, फेव्हिकॉल, कात्री, अ‍ॅक्रेलिक रंग, स्पंज, उरलेल्या साडीची जरीची काठ, आणि मागच्या वर्षीची रांगोळी. काचेवर रंग घसरतो, म्हणून आधी सॅनिटायझर कापसावर घेऊन पुसा, मग ब्रशने न ओढता स्पंजने टिपत पातळ हात द्या, एक वाळला की दुसरा. सुतळी गुंडाळायची तर खालून सुरू करा आणि दर चार वेढ्यांना फेव्हिकॉल, नाहीतर सगळं एकदम सुटून हातात येतं. मला स्वतःला रंगवलेल्यांपेक्षा साध्या पारदर्शक बरण्याच आवडतात, त्यात कागदाच्या कोनाने रांगोळीचे थर भरायचे, पिवळा, केशरी, हिरवा, पांढरा, दहा मिनिटांचं काम आहे आणि दिसतं फार गोड. पण आत जरा जरी ओल असेल तर रांगोळी काचेला चिकटते आणि सगळे रंग मिसळून राख दिसते, म्हणून वाळवण्यावर एवढा जोर.

बाटली दोरा आणि स्पिरिटने जाळून कापायचे व्हिडिओ असतात, ते घरी करू नका, कड धारदार राहते आणि टेबलाभोवती पोरं फिरत असतात. उजेडासाठी बुचाला जोडलेली एलईडीची तार मिळते ती उंच बाटलीत सोडा, तिच्यातले बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. खरी ज्योत पाहिजे तर रुंद तोंडाच्या बुटक्या बरणीत तीन भाग पाणी, वर बोटभर तेल आणि त्यावर तरंगती वात. निमुळत्या बाटलीत मेणबत्ती सोडू नका, हवा न मिळून विझते, नाहीतर काच तापून तडकते. आणि जेवताना पंखा लागणारच, तेव्हा दिवे पंख्याखाली नकोत.

फुलं आदल्या दिवशीच आणा. झेंडू वजनावर मिळतो, देठ नसतो त्याला, बाटलीत घालायला गेलात की नुसता आत पडतो, तो बरणीतल्या पाण्यावर तरंगत सोडायचा. बाटलीसाठी निशिगंधाच्या काड्या नाहीतर अ‍ॅस्टरची जुडी घ्या. गावाकडून कोणी येणार असेल तर भाताच्या लोंब्या मागवा, त्यांना पाणीही लागत नाही.

भाऊबीजेच्या सकाळी टेबल पुसून आधी ताटं, वाट्या, चकल्या-चिवड्याचे डबे मांडून बघा, उरेल त्या जागेत बाटल्या. हलक्या बाटल्यांच्या तळाला आधीच थोडी वाळू भरलेली बरी, कोणाचा तरी हात लागतोच.