स्ट्रीमर, टीव्ही अन् ॲक्टिव्ह स्पीकर: कोणती वायर कुठं खोचायची

पहिली गोष्ट, स्ट्रीमरचा (म्हणजे वायफायवरनं गाणी घेऊन स्पीकरला देणारा छोटा डबा) आवाज टीव्हीत घालायचा नाही. टीव्ही मोठा दिसतो म्हणून सगळं त्यालाच खोचतात, मग सकाळी आईला हरिपाठ लावायचा तरी आधी 43 इंची टीव्ही चालू करा. टीव्हीनं फक्त त्याचा आवाज बाहेर द्यायचा, बाकी कारभार स्ट्रीमरकडं नाहीतर स्पीकरकडं.

आता स्पीकरच्या मागं बघा. ॲक्टिव्ह म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असतो, त्यामुळं जुन्या ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलमधून वायर काढून ह्याच्या इनपुटला लावायची नाही, आतलं सर्किट उडेल. एडिफायर कंपनीच्या आर1280डीबीसारखा ऑप्टिकल (उजेडानं आवाज नेणारी केबल) इनपुट असलेला स्पीकरचा जोड असेल तर काम लै सोपं, टीव्हीची ऑप्टिकल थेट स्पीकरला, स्ट्रीमरच्या लाल-पांढऱ्या पिना स्पीकरच्या आरसीएला (तसल्याच लाल-पांढऱ्या भोकांना), अन् स्पीकरच्या रिमोटनं इनपुट बदलत राहायचं. स्पीकरला नुसत्या लाल-पांढऱ्या पिनाच असतील तर स्ट्रीमरलाच मधी बसवा. वीम कंपनीच्या प्रो स्ट्रीमरला ऑप्टिकल इन आहे, टीव्हीचा आवाज तिथं द्या अन् वीमच्या आरसीएतून स्पीकरला न्या. वीम मिनीला मात्र ऑप्टिकल फक्त आऊट आहे, दिसायला भोक सारखंच म्हणून घेताना नीट विचारून घ्या.

टीव्ही अन् स्ट्रीमर दोन्हीला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआयचं भोक) असेल (वीम अल्ट्राला आहे) तर तेच वापरा, कारण त्यात सीईसी (एका रिमोटनं दोन्ही यंत्रं चालवायची सेटिंग) चालू केलं की टीव्हीच्या रिमोटनंच आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकलमधी तसं बहुतेक वेळा होत नाही, टीव्हीचा आवाज फिक्स जातो अन् घरातले म्हातारे टीव्हीचं बटण दाबून दाबून वैतागतात. केबल टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यालाच लावा, बाजूच्याला लावली तर आवाज येणार नाही.

ऑप्टिकल लावायच्या आधी दोन्ही टोकाची प्लास्टिकची बारकी टोपी काढा, बारकी असते अन् पारदर्शक, पटकन दिसत नाही. आत लाल उजेड दिसला म्हणजे टीव्ही सिग्नल देतोय. केबल कपाटामागं चेपून वाकवू नका. मग टीव्हीच्या साऊंड सेटिंगमधी डिजिटल आऊटपुट ऑटो असतं ते पीसीएम (साधा डिजिटल आवाज) करा, हे लैच महत्त्वाचं, कारण ऑटोवर टीव्ही डॉल्बी नावाच्या खास फॉरमॅटमधी आवाज पाठवतो अन् समोरच्या स्पीकरला किंवा स्ट्रीमरला ते कळत नसेल तर आवाजच येत नाही नाहीतर खरखर येते, अन् माणूस नवी केबल आणायला पळतो. त्याच मेनूत टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा, नाहीतर दोन्हीकडून येऊन घुमतं. ब्लूटूथनं टीव्ही जोडू नका, बातम्या देणाऱ्याचे ओठ आधी हालतात अन् आवाज मागून येतो.

आता गुणगुण. आपल्याकडं कितीतरी घरात अर्थिंगच्या नावानं बोंब असते, त्यामुळं आरसीए जोडली की स्पीकर भुंग्यासारखा घूं करतो. आधी टीव्ही, स्ट्रीमर, स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी नाही गेलं तर केबलवाल्याची किंवा डिशची वायर सेटटॉप बॉक्समधून उपसून बघा, लगेच गप झालं तर चोर तिथंच. टीव्हीकडून ऑप्टिकल घेतली तर हा ताप निम्मा मिटतो, त्यातून उजेड जातो, करंट जात नाही. पण थ्री पिनची जाड पिन तोडायचा शहाणपणा करू नका, शॉक बसेल. फक्त लाईट गेल्यावरच घूं येत असेल तर इन्व्हर्टर बघा, स्क्वेअर वेव्हवाला असेल तर तोच करतोय, त्याला साईन वेव्हशिवाय इलाज नाही.

राऊटरपण इन्व्हर्टरवरच ठेवा, उन्हाळ्यात लाईटीचा भरवसा नसतो. अन् जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीत 5 गिगाहर्ट्‌झचं वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही, तिथं 2.4 वर ठेवा, गाण्याला तेवढं बास होतं, कारण सीडी क्वालिटीचं गाणंसुद्धा कॉम्प्रेस न करता 1.4 एमबीपीएसच्या आसपासच जातं. जमलं तर सरळ लॅन केबल ओढा.

चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी, म्हणजे तो धप्पकन आवाज येत नाही. स्पीकरवरचं आवाजाचं गोल बटण मध्यावर ठेवून द्या अन् रोजचा आवाज स्ट्रीमरच्या ॲपमधून करा.