मटण खाणारे आणि माळकरी एकाच पंगतीला: मेनू ठरवताना या चुका टाळा

मार्गशीर्ष लागला की आमच्या जळगाव-धुळे भागात शेताशेतांत भरताच्या पार्ट्या सुरू होतात. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजली जातात, बाजूला कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी थापल्या जातात आणि घरात कुणीतरी हळूच विचारतं, "जावई येताहेत, मटणही करायचं ना?" इथून पुढे घोळ सुरू होतो. निम्मे पाहुणे काळ्या रश्श्याची वाट बघणारे, निम्मे गळ्यात माळ घातलेले. गेली कित्येक वर्षं मी वीस-पंचवीस माणसांचा असा स्वयंपाक करते आहे. बहुतेक चुका चुलीवर होत नाहीत, मेनू ठरवतानाच होतात.

सगळ्यात मोठी चूक: सुरुवात मटणापासून करणं

तीन किलो मटण ठरतं, मग भाकरी ठरते, भात ठरतो आणि शेवटी कुणाला तरी आठवतं, "अरे, शाकाहारी किती आहेत? त्यांच्यासाठी बटाट्याची भाजी टाकू." शाकाहारी माणूस ताटावर बसला की त्याला लगेच कळतं, की आपली आठवण शेवटी झाली.

उलट करा. आधी सगळ्यांना चालेल असा पूर्ण मेनू लिहा: भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी किंवा पातोड्यांचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, ठेचा, बिबडे (ज्वारीचे पापड), भात. हे जेवण मटणाशिवायही पाव्हण्यांसमोर मानाने ठेवता येतं. मग त्यात मटणाचं एक भगोनं वाढवा. आपल्या खान्देशी स्वयंपाकाची खरी सोय हीच आहे, की भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण-आलं आणि काळा मसाला यांचं एकच वाटण शेवेच्या रश्श्याला चालतं, पातोड्यांना चालतं, डुबुक वड्यांना (रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या गोळ्यांना) चालतं आणि मटणालाही चालतं. शाकाहाऱ्यासाठी दुसऱ्या मुलखातलं पनीर शोधायची गरजच नाही. वाटण एकदाच करा आणि मटणाला हात लावायच्या आधी शाकाहारी भाग वेगळ्या डब्यात काढून झाकण लावून ठेवा.

"व्हेज की नॉनव्हेज?" एवढंच विचारणं

या प्रश्नाला "व्हेज" असं उत्तर देणाऱ्यांत चार तऱ्हेची माणसं असतात. एकाला अंडं चालतं. एकाला फक्त आज चालत नाही, कारण सोमवार आहे, गुरुवार आहे किंवा चतुर्थी आहे. एकाला मटणाच्या भांड्यात शिजलेलं काहीच चालत नाही, मग ते भांडं कितीही घासलेलं असो. आणि जैन शेजारी असतील तर कांदा, लसूण, बटाटा तर नाहीच, बरेच जण वांगंही खात नाहीत. म्हणजे ज्या भरिताच्या भरवशावर आपण बसलो, ते त्यांच्या ताटात पडणारच नाही.

चातुर्मास पाळणाऱ्यांचंही तसंच. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगं पोटभर खाऊन जे सोडतात, त्यातले कित्येक जण चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावरच वांग्याला हात लावतात. आमच्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण चंपाषष्ठीच्या आठवडाभर आधी पार्टी ठेवलीत तर आजी-आजोबांना त्या अभिमानाचा काय उपयोग?

श्रावणात घरोघरी कानबाई (आमची खान्देशी देवी) बसते त्या दिवसांत तर मटणाचा विचारही करू नका.

अशा मिश्र पंगतीला माझा हुकमी एक्का वरण-बट्टी. तुरीचं साधं वरण, त्याला हिंग-जिऱ्याची फोडणी, वरून साजूक तूप, सोबत गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी बिनकांद्याची. जैनांना चालतं, माळकऱ्याला चालतं आणि मटण खाणाराही दोन बट्ट्या जास्तच खातो. फक्त जैन पाहुण्यांना वेळ आधी विचारून घ्या. सूर्यास्तानंतर न जेवणारे असतील तर त्यांची पंगत साडेपाचलाच उठली पाहिजे.

पळी एक, भगोनी दोन

हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या हातून हे घडलं आहे.

भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. दोन भगोनी शेजारी शेजारी, एकात मटण, एकात शेवेचा रस्सा. दोन्ही काळे, दोन्हींवर लाल तरी. वाढताना शेवेच्या रश्श्याला तरी कमी वाटली म्हणून मदतीला आलेल्या मुलाने मटणावरची एक पळी तरी त्यात सोडली. त्याच्या लेखी तेल ते तेल. आमच्या आत्याने ते पाहिलं. ती पन्नास वर्षांपासूनची माळकरी. ती काही बोलली नाही. तिने वाटी ताटाच्या बाहेर सरकवली आणि ठेच्याबरोबर अर्धी भाकरी खाल्ली. मी विचारलं, "आत्या, पोट भरनं ना?" ती म्हणाली, "भरनं वं माय." ती अर्धी भाकरी मला अजून दिसते.

तेव्हापासून माझ्याकडे मटणाचं भगोनं दुसऱ्या चुलीवर, दहा पावलं लांब असतं. त्याची पळी वेगळी, तिच्या दांड्याला लाल दोरा. वाढणाराही वेगळा, आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. तळणाचंही तेच. आधी बिबडे आणि पापड तळून घ्या, मग त्या तेलात मासे जाऊ द्या. उलटा क्रम झाला तर ते तेल शाकाहाऱ्यासाठी संपलं. कोथिंबीर चिरायची पाटी आणि मटणाची पाटीही एक नको, हे तर पोटाच्या दृष्टीनेही.

हिशेब चुकतो तो शाकाहारी पदार्थांचा

बारा जण मटण खाणारे, आठ शाकाहारी, म्हणून शेवभाजी आठ जणांची केली, की ती पहिल्या पंगतीतच संपते. कारण मटण खाणारा भरीतही खातो आणि शेवभाजीची वाटीही घेतो. शाकाहारी पदार्थ नेहमी सगळ्या वीस जणांचे धरा, मटण फक्त खाणाऱ्यांचं धरा. माझा अंदाज असा: हाडासकट मटण माणशी पाव किलो, म्हणजे बाराजणांना तीन किलो. भरताची वांगी वीस जणांना पाच-सहा किलो, कारण भाजल्यावर साल आणि पाणी जाऊन ऐवज बराच कमी होतो. आणि पहिली पंगत शाकाहाऱ्यांची बसवा, म्हणजे त्यांना उरलंसुरलं मिळत नाही. मात्र त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवू नका. अंगणात, सगळ्यांसमोर बसवा.

ऐन वेळी बिघडलं तर

रश्श्यावर तरी आली नाही: वाटण तेलात पुरतं परतलं गेलं नाही किंवा वरून गार पाणी ओतलं. रश्श्यात नेहमी उकळतं पाणीच घाला. आता इलाज म्हणून छोट्या कढईत तेल तापवा, गॅस बंद करून त्यात लाल तिखट टाका आणि लगेच रश्श्यावर सोडा. दोन भगोनी असतील तर दोन वेगळ्या फोडण्या, हे सांगायलाच नको.

शेवेचा लगदा झाला: शेव भगोन्यात टाकून ठेवली होती. रस्सा उकळता ठेवा आणि शेव वाटीत घालून वरून रस्सा वाढा.

रस्सा जहाल झाला: नुसतं पाणी ओतलं तर चव पाणचट होते. थोडं बिनमिरचीचं खोबऱ्या-कांद्याचं वाटण परतून घाला किंवा शेंगदाण्याचा बारीक कूट घालून एक उकळी काढा. नंदुरबारची मिरची पहिल्यांदा वापरत असाल तर आधी निम्मीच घाला.

वाटण कडवट लागतंय: खोबरं करपलं. ते फेकून द्या आणि नवं करा. साखर-गुळाने हा कडवटपणा झाकला जात नाही, आणि एकाच वाटणावर सगळा स्वयंपाक उभा असल्याने तो सगळ्या ताटांत जातो.

मटण शिजत नाही: मऊ करायला कच्च्या पपईचा कीस सुरुवातीलाच चोळून ठेवायचा असतो. ऐन वेळी मात्र उकळतं पाणी घालून कुकरमध्ये अजून दोन-तीन शिट्ट्या, एवढंच हातात आहे. तोवर भरीत-भाकरी वाढायला सुरुवात करा. मेनू भाजीपासून सुरू केला असेल तर पंगत अडत नाही.

भरीत बिनलसणाचं हवं असं कुणी आयत्या वेळी सांगितलं: म्हणूनच फोडणीआधी ठेचलेल्या वांग्यातला एक वाडगा साधा काढून ठेवायचा. हिरवी मिरची, मीठ, शेंगदाणे, कोथिंबीर, दोन मिनिटांत तयार.

उन्हाळ्यात, अक्षयतृतीयेच्या म्हणजे आखाजीच्या सुमारास पाहुणे बोलावत असाल तर मटण सकाळीच आणून लगेच शिजायला टाका. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा शिजलेलं मटण तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवायचं तर पसरट भांड्यात काढून लवकर गार करा.

आणि पाव्हण्यांबरोबर डबे देताना रस्सा कोणता ते झाकणावर लिहा. दोन्ही रस्से काळेच दिसतात, आणि डबा उघडणारी घरची आजी असते.